शनिवारी आलेल्या दोघी

त्या शनिवारी मला दोनची गाडी पकडायची होती.

मी तेव्हा मेळघाटातल्या एका उपकेंद्रात नर्स होते. माझं माहेर अकोल्याजवळच्या माळ्याच्या घरचं, वांगी, मेथी आणि शेवंतीच्या वाफ्यांतलं. सासर अकोल्यात, जठारपेठेत. नवरा आणि मुलगी तिथेच राहत. दर शनिवारी दुपारी दोनच्या एसटीने परतवाडा गाठायचं, तिथून अंजनगाव, अकोट करत अकोला, आणि सोमवारी पहाटे निघून परत कामावर, असा माझा सात वर्षांचा रिवाज होता. मुख्यालय सोडायला परवानगी लागते. कधी मी ती तोंडी घेत असे, पुष्कळदा तीही घेत नसे. त्या शनिवारी घाई जास्त होती, कारण दुसऱ्या दिवशी दिराच्या नव्या घराची वास्तू होती आणि पुरणाचा सगळा घाट माझ्याकडे होता.

एक वाजून गेला होता. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली. तेवढ्यात दोन कोरकू बायका आल्या, सासू आणि सून. मी दोघींनाही ओळखत होते. सासू त्यांच्या ढाण्यातली, म्हणजे कोरकू पाड्यातली, जुनी दाई. तिच्या हातावर निम्मं गाव जन्मलेलं. सुनेचं पहिलंच बाळंतपण, नववा महिना लागलेला. सुनेचा नवरा अचलपूरकडे संत्र्याच्या बागेत मजुरीला गेला होता, त्यामुळे सासूच तिला घेऊन पाऊण तास चालत आली होती.

मी सासूला बाहेर थांबायला सांगितलं. नातेवाईक बाहेर, हा आमचा नियम. सुनेला टेबलावर घेतलं, रक्तदाब पाहिला, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकले. ठोके चांगले होते. कळा नव्हत्या. ती त्यांच्या बोलीत काहीतरी सांगत होती. एरवी तिला आपलं बोलणं बरंच यायचं, सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली होती. पण घाबरलं की माणूस आपल्याच बोलीत बोलतं. मला कोरकूतले मोजून दहा-बारा शब्द येत. त्यातला एक तिच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होता. डा. डा म्हणजे पाणी.

मी माठातून गिलास भरला आणि तिला दिला. तिने तो हातात धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन घोट प्याली.

“अजून वेळ आहे,” मी म्हणाले. “कळा सुरू झाल्या की ये. सोमवारी मी आहेच.”

तिचं लुगडं ओलं होतं. ते मला दिसलं होतं. पण श्रावणाचे दिवस होते, ओढा ओलांडून येणाऱ्या सगळ्याच बायकांची लुगडी ओली असायची. मी बाहेर येऊन कुलूप लावू लागले तेव्हा सासू ओट्यावरून उठली आणि म्हणाली, “बाई, पानी...”

“दिलं, दिलं मी तिला पाणी,” मी म्हणाले आणि कुलूप ओढून पाहिलं. ती अजून काहीतरी म्हणत होती. मी बॅग खांद्याला लावून रस्त्याला लागले होते. त्या दोघींची नोंद रजिस्टरमध्ये करायची राहिली होती. सोमवारी करू, असं म्हणून मी गाडीत बसले.

रविवारी जठारपेठेत शंभर पान उठलं. माझ्या पुरणपोळ्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं.

सोमवारी साडेअकराला मी उपकेंद्रावर उतरले तर आशाताई पायरीवर बसलेली. आमच्या गावची ही आशाताई, म्हणजे घरोघरी जाऊन बायका-मुलांची खबर ठेवणारी कार्यकर्ती, स्वतः कोरकू होती. माझं तिच्यावाचून पान हलत नसे. तिने मला आत जाऊ दिलं, बॅग ठेवू दिली, मग सांगितलं. रविवारी संध्याकाळी सुनेला ताप चढला, कळा सुरू झाल्या. इथे कुलूप. कोणाची तरी जीप मिळवून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. बाळ जन्मलं ते रडलंच नाही. मुलगी होती. आई वाचली.

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

“लवकर आणायले पाह्यजे होतं, म्हणाले.”

मी रजिस्टर काढलं. शनिवारच्या पानावर खाली चार ओळी रिकाम्या होत्या. तिथे ती भेट मी तेव्हाही लिहू शकले असते. लिहिली असती तर मग विचारलं गेलं असतं, आलेल्या बाईला पाठवलं का नाही, आणि सिस्टर रविवारी कुठे होत्या. मी शनिवारचं पान उलटलं. बालमृत्यूच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, ‘नातेवाईक घरी दाईकडे थांबले. उशिरा आणले.’ अक्षर चांगलं आलं होतं. खाली सही केली.

आशाताई दारात उभी होती. मी काय लिहिलं ते तिने विचारलं नाही.

त्या दोन वाक्यांनी काय केलं ते मला हळूहळू कळत गेलं. डॉक्टरांचं बोलणं आणि माझी नोंद एकमेकांना जुळत होती, त्यामुळे ती गावात पक्की झाली. सुनेचा नवरा अचलपूरहून आला. आई म्हणे, आम्ही गेलो होतो. बायको म्हणे, गेलो होतो. तो उपकेंद्रात आला आणि मला म्हणाला, “बाई, लिहेल दाखवा.” मी रजिस्टर त्याच्यासमोर धरलं. तो बोट ठेवून ठेवून वाचत होता. शनिवारच्या पानावरही त्याने बोट खालपर्यंत नेलं. मग रजिस्टर मिटून, नीट चौकोनी करून टेबलावर ठेवलं आणि गेला.

त्याने आईशी बोलणं सोडलं. बायकोला म्हणे, तू सासूला भिऊन तिच्यासारखं बोलतेस. दाईच्या ताठ्यापायी स्वतःची नात गेली, असं ढाण्यातले पुरुष बोलू लागले, मग काही बायकाही. म्हातारीला कोणी बाळंतपणाला बोलावेना. तिने आपली खाट उचलली आणि गोठ्याच्या पडवीत नेऊन टाकली. त्या गावात घरांच्या दोन रांगा समोरासमोर आहेत. कोण कुठे झोपतं हे सगळ्यांना दिसतं. लसीकरणाला जाताना मलाही ती खाट दिसायची. मी दुसऱ्या बाजूने चालायचे.

सून मात्र गप्प बसली नाही. दोन महिन्यांनी आशाताईच्या ओसरीवर तीन बायका जमू लागल्या, सून, सासू आणि आशाताई. पुढच्या आठवड्यात सात झाल्या. मग आजूबाजूच्या ढाण्यांतल्याही येऊ लागल्या. प्रत्येकीकडे सांगायला काहीतरी होतं. मी सांगत होते ते बाईला कळलं नाही. मला टेबलावर बांधल्यासारखं झोपवलं आणि माझ्या आईला बाहेर काढलं. माझं बाळ गेलं आणि वर मलाच ओरडले. आशाताई मला यातलं थोडं थोडं सांगायची, रजिस्टर भरता भरता, माझ्याकडे न बघता. तिची नोकरी माझ्या सहीवर अवलंबून होती, आणि तरी ती सांगायची.

“त्या काय मागणार आहेत?” मी एकदा विचारलं.

“दोनच गोष्टी, ताई. आत बाईसंग आपली बोली समजनारी एक बाई राह्यली पाह्यजे. आन जे लिहाल ते वाचून दाखवा.”

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला भीती वाटली ती दुसऱ्या मागणीची.

दिवाळीनंतर त्या आरोग्य केंद्रावर गेल्या. तीसेक बायका, अकरा किलोमीटर चालत. तालुक्याहून साहेब आले होते. मलाही रजिस्टर घेऊन बोलावलं होतं. बायका व्हरांड्यात खाली बसल्या, आम्ही खुर्च्यांवर. म्हातारी सासू उठून उभी राहिली. इतकी माणसं बघून ती अडखळेल असं मला वाटलं होतं. ती अडखळली नाही. आपल्या मोडक्या वऱ्हाडीत, एकेक शब्द ठेवत बोलली.

“आमी गेल्तो, साहेब. पोरीचं पानी गेल्तं शुक्रवारी रातीले. मी पायलं, मले समजलं, हे घरी व्हायचं काम नाही. म्हनून मी तिले बाईकडे नेलं. मी दाई हाय. मले नाही जमत ते मले समजते.”

पाणी गेलं होतं. मी तेव्हा, त्या खुर्चीवर बसून, पहिल्यांदा ऐकलं की ती मुलगी पाणी मागत नव्हती. गर्भाचं पाणी गेलं, असं सांगत होती. आणि मी तिला गिलास भरून दिला होता. पाणी गेलेल्या बाईला लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं असतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

साहेबांनी माझ्यापुढचं रजिस्टर ओढलं. “कोणत्या तारखेला गेला होता?”

“बाजाराच्या दुसऱ्या दिवशी.”

साहेबांच्या शेजारचे गृहस्थ हसले. साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. “सिस्टर, या आल्या होत्या का?”

मला सगळं समजल्याला अर्धं मिनिटही झालं नव्हतं. ‘हो’ म्हणायला तेवढा वेळ पुरतो.

मी म्हणाले, “साहेब, रोज पुष्कळ येतात. आठवत नाही. नोंद नाही म्हणजे आल्या नसतील.”

म्हातारी खाली बसली. सून उठली. ती माझ्याकडे पाहून बोलली, साहेबांकडे नाही. “तुमी मले गिलासात पानी देल्लं. स्टीलचा गिलास होता. काठाले चेपला होता.”

“गिलास काय, सगळीकडेच असतात,” ते शेजारचे गृहस्थ म्हणाले.

सभा अर्ध्या तासाने संपली. त्यांच्या मागण्या लिहून घेतल्या, विचार करू म्हणाले. बायका आल्या तशा चालत गेल्या. मी जीपमधून परत आले आणि आधी तो गिलास शोधला. माठावरच पालथा होता. काठाला चेपलेला होता, कधी पडला असेल तेव्हाचा. त्या शनिवारी मी तो पिशवीत घालून अकोल्याला नेला आणि भांडीवालीच्या टोपल्यात टाकला. बदल्यात तिने एक चहाची गाळणी दिली.

मी वाईट नर्स नव्हते, असं मला तेव्हा स्वतःला सारखं सांगावं लागायचं. मी किती बाळंतपणं नीट केली, किती वेळा पावसात ओढा ओलांडून गेले, हे आठवून आठवून पाहायचे. ते सगळं खरं होतं. त्याचा काही उपयोग होत नव्हता. गाडीत परतवाड्यापर्यंत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात साहेबांच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे. सोमवारी उपकेंद्रात उतरले की तोंड बंद.

वरून काही उत्तर येईना, तेव्हा बायकांनी आपलं काम आपणच सुरू केलं. सून आता चिठ्ठ्या लिहू लागली. उपकेंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर दुसरी एक बाई यायची आणि तिच्या हातात वहीचा अर्धा कागद असायचा. अमुक बाई आली, हे दुखतं म्हणाली, सिस्टरने हे सांगितलं. खाली रिकामी जागा, माझ्या सहीसाठी. पहिल्या दिवशी मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी सही केली. महिन्याभरात मला त्या चिठ्ठ्यांची सवय झाली. एकदा चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘सिस्टर घाईत होती.’ मी चिठ्ठीवालीकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. मी सही केली.

त्यांच्या ओसरीवर आता दवाखान्यापलीकडचंही बोलणं व्हायचं. वनहक्काच्या पट्ट्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव आहे की नाही हे त्यांनी घराघरात जाऊन पाहिलं. नव्हतं तिथे लावायला लावलं. ग्रामसभेत बायका मागे भिंतीशी बसायच्या. त्यांनी ग्रामसभेच्या आदल्या दिवशी स्वतःची सभा घ्यायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी पुढे येऊन बसल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, “आमी कुठं बसाव?” तेव्हा म्हातारी दाई म्हणाली, “जागा हाय तिथं.” हे आशाताईने मला हसत सांगितलं. हसून झाल्यावर तिने हेही सांगितलं की सभा संपल्यावर ती म्हातारी परत गोठ्यातच झोपायला गेली.

उन्हाळ्याच्या तोंडी एका सकाळी ती एकटीच उपकेंद्रात आली. हाताला विळा लागला होता, जखम तीन दिवसांची, चिघळलेली. तिच्याबरोबर चिठ्ठीवाली नव्हती. मी तिला आत बसवलं. पाणी गरम केलं, जखम धुतली. तिचा हात माझ्या हातात होता. त्या हातांनी जेवढी मुलं बाहेर काढली तेवढी मी काढलेली नव्हती. मी मान वर न करता बोलले.

“माय, तुम्ही त्या शनिवारी आल्या होत्या. मला आठवतं. मी खोटं बोलले.”

तिने हात ओढून घेतला नाही. मी पट्टी गुंडाळत राहिले. ती म्हणाली, “हे मले काहून सांगून राह्यली? मले तं ठाऊक हाय. मी तं तिथंच होती.”

मी पट्टीची गाठ मारली.

“ज्याले ठाऊक नाही त्याले सांग,” ती म्हणाली, उठली, आणि दारातून वळून विचारलं, “पट्टी कधी बदलाची?”

“परवा,” मी म्हणाले.

खरं सांगायचं तर मला तिच्याकडून वेगळं काही हवं होतं. ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा जाऊ दे म्हणेल, आणि आम्हा दोघींत ते मिटून जाईल. कबुली देतानाही मी माणूस निवडलं होतं ते सगळ्यांत सोपं.

त्यानंतर ती दोनदा पट्टी बदलायला आली. त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मी अजून तीन आठवडे घेतले.

ग्रामसभेत लसीकरणाचं सांगायला मला दर वेळी बोलवत. शाळेच्या पटांगणात सभा होती. बायका पुढे, पुरुष त्यांच्या मागे आणि बाजूला. सुनेचा नवरा शाळेच्या पायरीवर बसला होता. मी लसींच्या तारखा सांगितल्या. मग म्हणाले, “अजून एक सांगायचं आहे.” माझा आवाज इतका बारीक निघाला की आशाताई म्हणाली, “मोठ्यानं, ताई.”

मी सांगितलं. त्या शनिवारी या दोघी आल्या होत्या. मी तपासलं. पाणी गेलं आहे असं ही मुलगी सांगत होती, ते मला समजलं नाही, आणि समजून घ्यायला मी थांबले नाही, कारण मला गाडी पकडायची होती. या माय बाहेरून सांगत होत्या, तेही मी ऐकलं नाही. नोंद केली नाही. नंतर खोटं लिहिलं, आणि साहेबांपुढे खोटं बोलले. दाईने उशीर केला नाही. उशीर माझ्यामुळे झाला.

सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. आशाताई ते कोरकूत सांगू लागली. तिला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला. तिने कोणते शब्द वापरले ते मला कळले नाहीत. बायकांचे चेहरे बदलताना फक्त दिसत होते. एक बाई उभी राहून माझ्या अंगावर ओरडली. तीही बहुतेक आपल्या एखाद्या बाळाबद्दल ओरडत होती. कोणी तिला बसवलं नाही आणि तेच बरोबर होतं.

सुनेचा नवरा पायरीवरून उठला आणि पटांगणाबाहेर चालत गेला. म्हातारी आपल्या हातावरच्या जखमेच्या खपलीकडे बघत बसली होती.

सून म्हणाली, “लिहून द्या.”

“काय?”

“आता बोललात ते. सभेच्या वहीत. आन तुमच्या रजिस्टरमदी बी.”

मी तिथेच बसून सभेच्या वहीत लिहिलं. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. एका ठिकाणी मी ‘गैरसमज झाला’ असं लिहिलं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. “आमचा काई गैरसमज नाही झाला,” ती म्हणाली. मी ते खोडून ‘मला समजले नाही’ असं लिहिलं. मग रजिस्टरमध्येही तेच उतरवलं.

महिन्याभराने आशाताईने सांगितलं की म्हातारीची खाट गोठ्यातून घरात आली. मुलगा बोलला काही नाही म्हणे. सकाळी उठून त्याने ती खाट डोक्यावर घेतली आणि आत नेऊन टाकली. म्हातारी मागून गोधडी घेऊन गेली. आठ-नऊ महिने ती त्या पडवीत झोपली होती, पावसाळ्याच्या शेवटापासून, अख्खा हिवाळा आणि उन्हाळा.

मला कारणे दाखवा नोटीस आली. चौकशी लागली. नवरा म्हणाला, “काही गरज होती का? सगळं मिटलं होतं ना?” मला त्याचा राग आला नाही, मीही इतके महिने तेच म्हणत होते. पण एका गोष्टीची मला आजही लाज वाटते. चौकशीच्या दिवशी मला वाटत होतं की बायका येतील. येऊन म्हणतील, सिस्टरने खरं सांगितलं, तिला सांभाळून घ्या. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन रस्त्याकडे पाहिलं. कोणी आलं नाही. त्या दिवशी त्यांची आरोग्य केंद्रावर दुसरी सभा होती, आणि त्या सभेत त्यांनी दोन्ही मागण्या मान्य करून घेतल्या. बाळंतिणीजवळ तिची बोली समजणारी बाई आत राहील. लिहिलेलं वाचून दाखवलं जाईल. त्या का याव्यात माझ्यासाठी? माझ्या खऱ्याचं बक्षीस मी त्यांच्याकडे मागत होते.

चौकशी लांबली. तोवर उपकेंद्रात कंत्राटावर दुसरी नर्स आली, धारणीकडची, कोरकू येणारी. पुढच्या वर्षी सून पुन्हा बाळंतपणाला आली. कळा सुरू झाल्याबरोबर, सासूबरोबर. मी नेहमीप्रमाणे हातमोजे घालायला घेतले. सुनेने टेबलाला धरून श्वास घेतला आणि म्हणाली, “दुसऱ्या सिस्टर राहू द्या. माय राहील. तुमी बाहीर बसा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. मी हातमोजे ठेवले आणि ओट्यावर जाऊन बसले. तिचा नवराही तिथे होता. आम्ही दोघे दोन टोकांना बसलो. आतून म्हातारीचा आवाज येत होता, एका लयीत, समजावणारा. अडीच तासांनी बाळ रडलं. तो उठून उभा राहिला. मीही उभी राहिले, मग बसले. म्हातारीने दार उघडून त्याला आत घेतलं. मुलगी झाली हे मला त्या दुसऱ्या नर्सने सांगितलं, हात धुता धुता.

पुढे चौकशीचा निकाल लागला. सेवापुस्तकात शेरा आला, आणि बदली. बदली अकोल्याला, जुन्या शहरातल्या एका दवाखान्यात. इतकी वर्षं मी त्या बदलीसाठी अर्ज करत होते. घरी सगळ्यांना आनंद झाला. मी कोणाला सांगणार की ही शिक्षा आहे? आणि ती शिक्षा वाटत नव्हती हेच मला खुपत होतं. आता मोर्णा नदी ओलांडली की दवाखाना. दुपारी डबा घरचा. तिथे येणाऱ्या बायकांचं बोलणं मला शब्द न् शब्द समजतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भावाची सून अमरावतीला बाळंतपणाला दाखल झाली. तिचं सासर-माहेर दोन्ही गोंधळलेली. मी नर्स म्हणून मला बोलावलं. बायकांच्या त्या मोठ्या दवाखान्यात दाराशी एक टेबल होतं. तिथे मेळघाटातल्या बायका पाळीपाळीने बसतात, डोंगरातून आलेल्यांना वाट दाखवायला, त्यांचं म्हणणं डॉक्टरांना सांगायला, असं मला चौकीदाराने सांगितलं. टेबलामागे ती बसली होती, सून. थोडी भरली होती. समोर कागद, कानाला फोन. फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

“कोन हाय तुमची?” तिने विचारलं.

“भावाची सून.”

“पहिली?”

“हो.”

ती उठली. कोणत्या मजल्यावर जायचं, कोणता कागद आधी लागतो, हे तिने माझ्या भावाला समजावून दिलं. वर आमच्याबरोबर आली. भावाच्या सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “भेव नको. काई वाटलं तं सांग. समजलं नाही तं पुन्ना सांग.” मग मला म्हणाली, “एकच बाई आत जाते. तिची आई जाऊ द्या.” आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन भावाच्या सुनेने मला विचारलं, “आत्या, त्या खालच्या ताई कोण होत्या? तुमच्या ओळखीच्या वाटल्या.”

खोलीत भाऊ होता, वहिनी होती, तिची आई होती. सगळी आनंदात होती. मी म्हणाले, “मेळघाटातल्या आहेत. मी तिथे होते न तेव्हाच्या ओळखीच्या.”

“चांगल्या आहेत.”

“हो,” मी म्हणाले. “खूप चांगल्या आहेत.”

एवढंच. एकदा सगळ्या गावापुढे बोलून झालं म्हणजे पुढे जीभ सैल राहते असं नाही.

दुपारी मी खाली गेले. तिच्या मुलीबद्दल विचारावं, म्हातारीबद्दल विचारावं, असं मनात होतं. टेबलामागे दुसरीच बाई होती, वयाने लहान, हिरव्या बांगड्या घातलेली. ताई सकाळच्या गाडीने गावाकडे गेली, म्हणाली. मग तिने कागद पुढे ओढला आणि विचारलं, “तुमाले काय सांगाचं होतं, बाई?”

“काही नाही,” मी म्हणाले, आणि जिना चढून वर गेले.